‘शी’ नव्हे, ‘ही’

आम्प्रातूम मास्तरला एक खोड होती. कुणाच्या तोंडून इंग्रजी चुकलं की त्याच्या मानेची शीर थडथड उडायला लागायची, आणि ती चूक चारचौघांत दुरुस्त केल्याशिवाय शीर जागेवर बसायची नाही. शाळेनं त्याला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. घड्याळ बंद पडलं, मास्तर काही बंद पडला नाही. हाताखाली शिकवणीपुरतीच पोरं उरली म्हणून त्यानं सगळं असुबोआ गाव वर्गात बसवलं. टपरीवर रेडिओ लागला की मंत्र्याला दुरुस्त करायचा. चर्चमध्ये प्रार्थना दुरुस्त करायचा. म्हणजे देवाशी चाललेलं बोलणंसुद्धा आधी याच्या हाताखालून जायला पाहिजे.

त्याच्या सख्ख्या बहिणीच्या मयताला तर त्यानं कमाल केली. नातू कुमासी शहरातून आला होता. काळ्या कापडात घामानं निथळत कागदावरून आजीचे गुण वाचत होता. पेटी दोरांवर, अर्धी खड्ड्यात उतरलेली. वाचता वाचता पोरगा म्हणाला, “ग्रँडमा लव्ह्ड माय ब्रदर अँड आय.”

“अँड मी!” मास्तर ओरडला. “प्रेम तिनं केलं. तुझ्यावर केलं. तू काय केलंस? काही नाही. करणारा असेल तर ‘आय’. ज्याच्यावर केलं तो ‘मी’. पुन्हा वाच!”

पोरगा गडबडला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू झाला. दोर धरणाऱ्यांचे तळवे सोलून निघाले. भावाचं व्याकरण संपेपर्यंत म्हातारी बिचारी खड्ड्याच्या तोंडाशी लोंबकळत राहिली.

एनो बिरागो त्या मयताला पहिल्या रांगेत बसली होती. शेजारणीच्या कानाला लागून म्हणाली, “हा मेला ना, की पेटीतून बोट वर काढील. फुलांच्या चक्रावर नाव चुकलंय म्हणून.”

एनो म्हणजे आई. बिरागो कुणाकुणाची आई होती, बऱ्याच जणांची आजी होती, पण लॉरीतळावरचे ड्रायव्हर तिला एनो म्हणायचे ते नात्यानं नव्हे, भीतीनं. शाळेत ती गेली होती, नाही असं नाही. बाईंनी छडी उगारली, हिनं ती हिसकून गुडघ्यावर मोडली आणि घरी आली. तेवढ्या शिक्षणावर तिनं लॉरीतळावर खानावळ उभी केली, भावंडांची लग्नं लावली आणि त्यातली दोन मोडलीसुद्धा. तिच्या हातचा फुफू, म्हणजे कसावाचा कंद आणि केळी उकडून उखळात कुटलेला तो मऊ गोळा, खायला माणसं वाकडी वाट करून यायची. खानावळीच्या पाटीवर लिहिलेलं होतं, ‘मी अँड माय सिस्टर फुफू’.

मास्तरही यायचा. शेळीच्या रश्श्यात बोटं बुडवायचा आणि मान वर करून पाटीकडे बघायचा.

“एनो, त्या पाटीवर ‘मी’ नको. ‘आय’ पाहिजे. आणि बहीण आधी पाहिजे.”

“रस्सा कसा झालाय, मास्तर?”

“रस्सा ठीक आहे.”

“मग रस्सा प्या.”

आता यात बिरागोचं चुकलं ते काय? आमच्या त्वी बोलीत ‘मी’ म्हणजे मीच. मी गेले तरी मी, मला कुणी नेलं तरी मी. हाच शब्द इंग्रजांकडेही आहे, पण त्यांनी तो मार खाणाऱ्याच्या जागी नेऊन बसवला आणि मारणाऱ्यासाठी दुसरा केला. तसंच ‘तो’ आणि ‘ती’चं. आमच्यात तो आणि ती एकाच शब्दात राहतात, भांडत नाहीत. इंग्रजांना त्यांच्यात भिंत घालावी लागते. पुरुषाला ‘ही’ म्हणायचं. बाईला ‘शी’. म्हणजे बाईचं नाव निघायच्या आधीच नाक मुरडून मोकळे! त्यामुळं आमच्याकडचं माणूस इंग्रजी बोलायला लागलं की नवऱ्याची बायको होते आणि बायकोचा नवरा. ऐकणारे समजून घेतात. मास्तर समजून घेत नसे. त्याची शीर उडायची.

असल्या माणसाशी बिरागोचं एरवी देणंघेणं नव्हतं. पण तिच्या नातीचा, कोनादूचा नवरा बादू हा मास्तरचा भाचा, त्याच पेटीतल्या बहिणीचा मुलगा. आमच्यात माणूस बापाचा नसतो, आईच्या घरचा असतो. आई गेली की मामा. म्हणून बादूच्या तोंडात जे काही होतं ते मास्तरनं घातलेलं होतं. स्वतःचं म्हणून बादूकडे दातच काय ते.

तर हा बादू ओबुआसीला खाणीवर कामाला जायचा. तिथं त्याला दुसरी भेटली. एके दिवशी घरी आला, कोनादूची कपड्यांची पेटी उचलून अंगणात फेकली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून निघून गेला. कोनादू बाजारातून आली तर पेटीवर कोंबडी बसलेली. आजूबाजूच्यांनी सगळं पाहिलं होतं. पण त्यांची पोरं मास्तरकडे शिकवणीला, त्यामुळं सगळ्यांना एकदम मोतीबिंदू झाला.

बरं, टाकलीस ना बायको? टाक. पण रीतीनं टाक. बायकोच्या खांद्याला नवऱ्यानं पांढरी माती लावायची आणि म्हणायचं, जा, तू मोकळी. एवढंच असतं. तेवढं केल्याशिवाय ती बाई सुटत नाही. कुणी तिच्या दाराशी मागणी घालायला येऊ शकत नाही. नळावर बाया तिला विचारतात, “काय गं, नवऱ्याची आहेस की आजीची?” आणि बादू माती लावत नव्हता. का? तर मामानं शिकवून ठेवलेलं. आपण टाकली म्हटलं तर दोष आपल्यावर. तीच सोडून गेली म्हणायचं. मग तिच्या माणसांनी पाया पडत यावं, लग्नात आपण दिलेली दारू परत आणावी, आणि तरी माती द्यायची की नाही ते आपण बघू.

कोनादू वाळत चालली होती. फुफू कुटणारी पोरगी, मुसळ उचललं की दंड कसे टणटणीत दिसायचे. आता मुसळच तिला उचलतंय असं वाटायचं.

बिरागोनं शेवटी निरोप धाडला. बैठक घ्या. मास्तर लगेच तयार झाला, पण म्हणाला, निवाडा पास्टर लारिया करतील. पास्टर बरा माणूस, पण समुद्राकडचा, गा जमातीचा. त्वी त्याला बाजारहाटापुरती. म्हणजे बैठक इंग्रजीत. आणि प्रत्येक घराचं एकच तोंड बोलणार. ते तोंड जे बोललं ते घरानं बोललं, मागं घेता येणार नाही. नवऱ्याच्या बाजूनं मास्तर. बायकोच्या बाजूनं कोण? घरातला वडीलधारा ओपानयिन द्वुमा बहिरा. कोनादूला स्वतःच्याच भांडणात तोंड उघडायची रीत नाही. मास्तरनं हे सगळं नीट जोडून ठेवलं होतं. म्हातारीला पंचांपुढं इंग्रजीत उभी करायची आणि शाळेत कधी मोडली होती ती छडी आता तिच्या पाठीवर मोडायची.

“कुमासीच्या आपल्या कुसीला बोलवू,” कोनादू म्हणाली. “तो कचेरीत आहे. छान बोलतो.”

“कुसी? त्याला बायकोसमोर ‘पाणी दे’ म्हणता येत नाही. मी बोलेन.”

“एनो, तुला इंग्रजी येतं का?”

“लॉरीतळावरच्या निम्म्या ड्रायव्हरांना मी इंग्रजीतून शिव्या दिल्यात. त्यांना सगळं कळलं.”

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी खानावळीत दोघी कुटायला बसल्या. कोनादू उभी राहून मुसळ मारत होती, बिरागो उखळाशी बसून दोन घावांच्या मधे हात घालून गोळा फिरवत होती.

“निदान एवढं तरी शिक,” कोनादू म्हणाली. “हे बघ. मी कुटतेय. करणारी मी. म्हणून ‘आय’.”

“बरं.”

“आता समज, मुसळ तुझ्या हातावर बसलं...”

“बसव की. मग बघ आय आय कोण करतं ते.”

“एनो! थट्टा नाही. तुझ्यावर बसलं, म्हणजे तू करणारी नाहीस. मग ‘मी’.”

बिरागोनं गोळा उलटा केला. “म्हणजे मारताना ‘आय’ आणि मार खाताना ‘मी’? एका मुसळाच्या घावानं माणसाचं नाव बदलतं? मी मारलं तरी मी बिरागो, आणि मला मारायला कुणी आलं तरी मी बिरागोच. मार खाल्ला की आपण कोण हेच ज्यांना आठवत नाही, त्यांचं बोलणं मी शिकू?”

“उद्या ते लोक हसतील गं.”

“हसू देत. दात त्यांचे आहेत.”

कोनादूचं मुसळ मधेच थांबलं. तिचा आवाज फाटला. “हसण्याचं नाही, एनो. माझं काय होईल? तू बादूला ‘शी’ म्हणशील आणि मला ‘ही’. कायम म्हणतेस! दार कुणी लावलं विचारलं तर सांगशील ‘शी’. म्हणजे बाईनं. म्हणजे मी! पास्टर तसंच धरील. मग मी अशीच मरेन, ना इकडची ना तिकडची. परवा दवाखान्यात काय केलंस आठवतंय? आकोसुआ मावशीकडे बोट दाखवून नर्सला म्हणालीस, ‘ही इज प्रेग्नंट’. शेजारी उभा असलेला लॉरीचा ड्रायव्हर लाजून बाहेर पळाला.”

“मग? नर्सला कळलं ना?”

“नर्सलाच कळायला हवं होतं! मावशीला ते लपवायचं होतं. पण बाकावर मास्तर बसलेला. उठून उभा राहिला आणि एवढ्यांदा ओरडला, ‘शी! शी इज प्रेग्नंट!’ सगळ्या दवाखान्याला कळलं. मावशी अजून माझ्याशी बोलत नाही.”

बिरागोचा हात उखळात थांबला. मुसळ वर होतं म्हणून बरं.

“तो आधी तिच्याकडे बघतो का गं? कोण आहे, काय आहे, लपवायचं आहे की नाही?”

“कुठलं बघतोय! चूक ऐकली की तोंड उघडलंच. शिंक अडवता येते का कुणाला?”

“हं,” बिरागो म्हणाली.

“मग शिकतेस ना? ‘ही’ पुरुष, ‘शी’ बाई. करणारा असेल तर ‘ही’, त्याला केलं तर ‘हिम’...”

“पुरे झालं शिकवणं. कूट.”

सकाळी बिरागोनं निळ्या नक्षीचं जाड कापड नेसलं, डोक्याला रुमाल बांधला आणि पांढऱ्या मातीचा एक खडा कापडाच्या टोकाला गाठ मारून बांधला. कोनादूनं तो पाहिला आणि तोंड फिरवलं. जी वस्तू मिळण्याची आशा नाही ती गाठीशी बांधून कशाला न्यायची?

चर्चच्या मागं आंब्याच्या झाडाखाली बाक टाकले होते. सगळं गाव आलेलं. फुकटचं भांडण कोण सोडतो? बादू नवी टोपी मांडीवर धरून बसला होता. ओपानयिन द्वुमाला खुर्ची दिली होती, तो तिच्यात शिरून झोपीही गेला होता. पास्टर लारियानं प्रार्थना म्हटली. तिच्यात मास्तर दोनदा खाकरला.

मग मास्तर उठला. काय ते इंग्रजी! एकेक वाक्य असं लांब की सुरुवात गावात आणि शेवट नदीपलीकडं. पण सगळ्याचा चोथा पिळला तर एवढंच निघत होतं: भाचा त्या दिवशी ओबुआसीला होता, गावात नव्हताच. त्याच्या माघारी बायकोनं स्वतःची पेटी स्वतः बाहेर काढली, स्वतःच्या हातानं दाराला कुलूप लावलं आणि आपल्या खुशीनं आजीकडं निघून गेली.

“बादू, हे खरं?” पास्टरनं विचारलं.

“मामा म्हणतात तसं,” बादू टोपीला म्हणाला.

“आता बायकोच्या घरचं तोंड.”

बिरागो उठली. कापड सावरलं. सगळीकडे एकदा नजर फिरवली, जशी ती उधारीवर जेवून गेलेल्यांवर फिरवायची.

“पास्टर,” ती म्हणाली, “मी टॉक.”

मास्तरची शीर उडाली. “‘आय’. आय विल टॉक.”

“मी ओल्ड वुमन.”

“‘आय’ अ‍ॅम!”

“थँक यू, मास्तर. यू हेल्प मी.”

हे बरोबर निघालं. मास्तर चरफडला. बाकांवर थोडी खसखस पिकली. कोनादूनं मान खाली घातली.

बिरागोनं नातीकडं बोट दाखवलं. “धिस माय ग्रँडचाइल्ड. ही गुड. ही कुक फॉर शी.” आणि ‘शी’ म्हणताना बादूकडं बोट केलं.

लोक हसले. मास्तर अर्धा उठला. “शी! ती बाई आहे! शी कुक्ड फॉर हिम! एवढी वर्षं गावात चर्च आहे, शाळा आहे, आणि यांना बाई आणि पुरुष...”

“ही वॉश फॉर शी.”

“शी वॉश्ड फॉर हिम!”

“ही कॅरी वॉटर फॉर शी.”

“शी! हिम! शी कॅरीड, हिम! करणारी शी, ज्याच्यासाठी केलं तो हिम!” मास्तर आता पुरता उभा राहिला होता. बोट फळ्यावर आपटावं तसं हवेत आपटत होता. किती दिवसांनी त्याला एवढा मोठा वर्ग मिळाला होता! चेहऱ्यावर घाम होता आणि सुख होतं. बिरागोकडं तो बघतच नव्हता. तिच्या तोंडाकडं बघत होता, दगड वेचायला तांदळाकडं बघतात तसं.

कोनादूनं मागून आजीचं कापड ओढलं. “एनो, उलटं बोलतेयस. थांब. पाया पडते.”

बिरागोनं मागं हात नेऊन तिच्या मनगटाला असा चिमटा काढला की पोरगी गप्प झाली.

“पास्टर,” बिरागो म्हणाली, आणि आता ती सावकाश बोलायला लागली, गिऱ्हाइकाला रस्सा वाढताना सांडू नये म्हणून हात जड करतात तशी. “दॅट डे. शी कम फ्रॉम ओबुआसी.”

“ही!” मास्तर गरजला. “ही केम फ्रॉम ओबुआसी!”

पास्टरची मान वर झाली.

“शी टेक बॉक्स. थ्रो आउटसाइड.”

“ही टुक हर बॉक्स! हर, पेटी तिची! अँड थ्रू इट आउटसाइड!”

“शी लॉक डोअर.”

“ही लॉक्ड द डोअर! ही! ही! ही!”

असं तीनदा ‘ही’ म्हटल्यावर बाकांवरच्या लोकांनीही तेच सुरू केलं. आधी बायकांच्या बाजूनं, मग ड्रायव्हर, मग मास्तरच्या शिकवणीला पोरं धाडणारेसुद्धा, तोंडावर हात धरून. ओपानयिन द्वुमा जागा झाला आणि कशाला हसायचं ते न कळता हसायला लागला. बिरागो खाली बसली. कापड नीट केलं. एवढंच करायला ती आली होती.

मास्तरला वाटलं लोक म्हातारीला हसताहेत. तोही जरा हसला. मग त्यानं पास्टरकडं पाहिलं.

“मास्तर,” पास्टर म्हणाला, “तुम्ही तर सांगितलंत, बादू त्या दिवशी गावात नव्हता.”

“नव्हताच.”

“आत्ता तुम्ही म्हणालात, तो ओबुआसीहून आला. त्यानं पेटी फेकली. त्यानं कुलूप लावलं.”

मास्तरचा हात हवेत होता तिथंच राहिला. “ते... ते मी म्हटलं नाही. मी वाक्य दुरुस्त केलं. वाक्य तिचं आहे!”

“तिच्या वाक्यात ‘शी’ होतं. म्हणजे कुलूप बाईनं लावलं. तुमचंही म्हणणं तेच होतं. दोन्ही घरांचं एकच झालं असतं, मी उठून जेवायला गेलो असतो. तुम्ही ते बदललंत कशाला?”

“कारण तिला ‘ही’ म्हणायचं होतं! ही माणसं कायम उलटं बोलतात!”

आता बिरागो त्वीत बोलली. बाजारापुरती त्वी पास्टरला येत होती आणि हे बाजारापुरतंच होतं.

“मला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला कसं कळलं, मास्तर? मी तर शाळा न शिकलेली. तुम्ही त्या अंगणात होतात का? की घरी बसून भाच्यानं सगळं सांगितलं तुम्हाला?”

मास्तरनं भाच्याकडं पाहिलं, भाच्यानं टोपीकडं.

पास्टर लारिया मुळात दयाळू माणूस. त्यानं एक वाट ठेवली. म्हणाला, “हे बघा मास्तर, चूक कुणाचीही होते. तुमच्या मते एनो जे बोलली तेच खरं असेल, तर तसं सांगा. ‘शी लॉक डोअर’ हे वाक्य बरोबर आहे, असं सगळ्यांसमोर म्हणा. मी तेच धरतो आणि निवाडा तुमच्या बाजूनं देतो.”

कोनादूचा श्वास बिरागोला पाठीमागून ऐकू येत होता. पोरीचं सगळं आयुष्य त्या माणसाच्या जिभेवर येऊन बसलं होतं. आणि किती सोपं होतं! एका वाक्याला बरोबर म्हणायचं. आयुष्यात एकदा. तो हे करू शकला असता तर बिरागोची हार होती, तिला ते माहीत होतं. पण तिनं त्याला त्या मयतात पाहिलं होतं. बहिणीची पेटी लोंबकळत ठेवणारा माणूस भाच्यासाठी गप्प बसेल?

मास्तरची शीर उडत होती. त्यानं ओठ ओले केले. “शी...” तो म्हणाला. “शी लॉक...” तो थांबला. घाम नाकावरून टपकला. “शी लॉक डो...”

“बोला, मास्तर.”

“लॉक्ड!” मास्तरच्या तोंडून सुटलं. “लॉक्ड पाहिजे! आणि आधी ‘द’! ‘द’ कुठं गेला? कसं म्हणू मी हे बरोबर आहे म्हणून?”

मग काय विचारता! लॉरीतळावरचे ड्रायव्हर बाकांवरून खाली लोळले. एक बाई उठून नाचली. आणि त्या गदारोळात बादूचा चेहरा काळवंडत गेला. लहानपणापासून हा पोरगा मामाच्या दुरुस्त्या खात आला होता. शाळेत, जेवताना, आईच्या मयतातसुद्धा. त्यातली एक आज सगळ्या गावासमोर त्याच्या डोक्यावर पडली होती.

पास्टरनं हात वर केला. या खेपेला मास्तरकडं न बघता सरळ विचारलं, “हू लॉक्ड द डोअर?”

बादू उठला. टोपी खाली पडली.

“मी,” तो म्हणाला.

“आय!” मास्तर म्हणाला.

पास्टरनं एकाकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं. “दोघांनी?”

पुढं मास्तर काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. खरं तर बोलायला काही उरलंही नव्हतं. घराचं तोंड बोललं, घरही बोललं, आणि दोघांचं जुळलं.

बिरागोनं कापडाची गाठ सोडली. मातीचा खडा तळहातावर धरून बादूपुढं केला. कोनादू पुढं आली, खांदा उघडा केला. बादूनं थुंकी लावून खडा ओला केला आणि तिच्या खांद्यावर एक पांढरा पट्टा ओढला, वाकडा, पण ओढला. म्हणाला, “जा. तू मोकळी.” त्वीत म्हणाला. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

कोनादू रडली नाही. खांद्याकडं मान वळवून बघत राहिली, नवं कापड अंगावर कसं दिसतं ते बघतात तशी. नळावरच्या त्याच बाया पुढं आल्या आणि जिंकणाऱ्यावर उधळतात तशी एकीनं तिच्या पायांवर पावडर उधळली. बिरागोनं त्या बाईकडं असं पाहिलं की ती निम्मीच उधळून थांबली.

पास्टरनं सगळ्यांना शांत केलं आणि शेवटचं सांगितलं, “द मॅटर बिट्वीन ही अँड शी इज फिनिश्ड.”

‘हिम अँड हर’ पाहिजे होतं. एव्हाना ते कोनादूलाच काय, बाकाखालच्या कोंबड्यांनाही कळलं असावं. पास्टरचीच जीभ घसरली की तोही जरा मजा करत होता, देव जाणे. सगळं गाव वळून मास्तरकडं बघायला लागलं. मास्तर उभा होता, मानेची शीर थडथडत होती, ओठ पुढं आले होते.

“मामा,” बादू म्हणाला, “तोंड मिटा.”

मास्तर वळला आणि चालायला लागला. चर्चच्या फाटकापर्यंत गेला. फाटकाला हात धरून थांबला, पाठमोराच, खांदे वर आले, सगळ्यांना वाटलं आता वळणार. मग तसाच बाहेर पडला.

“थांबवू का त्याला?” ओपानयिन द्वुमानं विचारलं. त्याला अजून काय झालं ते कळलं नव्हतं.

“जाऊ दे,” बिरागो त्याच्या कानात ओरडली. “घरी बंद घड्याळ आहे त्याचं. उरलेली दुरुस्ती त्याला सांगेल.” मग नातीकडं वळली. “आणि तू काय उभी राहिलीस खांदा मिरवत? दुपारच्या गाड्या येतील. कसावा कोण सोलणार?”

“मी,” कोनादू म्हणाली.

बिरागोनं तिच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं.

“मीच,” कोनादू म्हणाली, आणि आजीच्या पुढं चालायला लागली.